भूल देताना रुग्णाची पोझिशन आणि श्वासमार्ग

विदर्भातील एका उपजिल्हा रुग्णालयात नव्याने भूल देऊ लागलेल्या डॉक्टरांनी विचारले आहे की, स्पायनल (कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग सुन्न करण्याची भूल) न लागल्यामुळे सुमारे ९० किलो वजनाच्या एका गरोदर स्त्रीला सिझेरियनसाठी पूर्ण भूल द्यावी लागली, शिकवल्याप्रमाणे डोक्याखाली उशी ठेवली होती, तरीही लॅरिंगोस्कोप (तोंडातून स्वरयंत्र पाहण्याचे पात्याचे उपकरण) घातल्यावर स्वरयंत्र दिसले नाही आणि श्वासनलिकेतील ट्यूब कशीबशी बूजीवरून (ट्यूबला वाट दाखवणाऱ्या लवचीक कांडीवरून) गेली; तर पोझिशनने खरोखर किती फरक पडतो, आणि ज्या टेबलाची फक्त उंची कमीजास्त होते अशा टेबलावर ती साधायची कशी?

फरक निश्चित पडतो, पण तो दोन वेगवेगळ्या गोष्टींत पडतो. एक म्हणजे रुग्णाच्या फुप्फुसांत ऑक्सिजनचा किती साठा राहतो, आणि दुसरी म्हणजे तोंडातून पाहताना स्वरयंत्र किती दिसते. आपल्याकडे शिकवताना सगळा भर दुसऱ्या गोष्टीवर असतो. माझ्या मते पहिली अधिक महत्त्वाची आहे, कारण साठा पुरेसा असेल तर स्वरयंत्र शोधायला, बूजी मागवायला, दुसऱ्याला हाक मारायला वेळ मिळतो. साठाच नसेल तर उत्तम हात असलेला माणूसही घाईत चुकतो.

निरोगी प्रौढ माणूस उभ्याचा आडवा झाला की पोटातील अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि श्वास सोडल्यानंतर फुप्फुसांत उरणारी हवा पाऊण ते एक लिटरने कमी होते. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि तिच्यातून आणखी सुमारे अर्धा लिटर जाते. शरीराला मात्र दर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतच राहतो. दिवस भरलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा साठा मुळातच सुमारे २० टक्क्यांनी कमी असतो आणि तिची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. त्यात वजन जास्त असेल, तर तिला उताणे सपाट झोपवून भूल देणे म्हणजे रिकाम्या होत आलेल्या साठ्यावर काम सुरू करणे होय. अतिस्थूल रुग्णांवरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सपाट झोपलेल्यांचे सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) श्वास थांबल्यापासून सरासरी १५५ सेकंदांत ९२ टक्क्यांवर आले, तर डोक्याकडचा भाग २५ अंशांनी वर केलेल्यांना त्यासाठी २०१ सेकंद लागले. हे पाऊण मिनिट कोणत्याही औषधाशिवाय मिळाले. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण नेहमीच टेबलावर येतात आणि त्यांच्यात सॅच्युरेशनची थोडा वेळ झालेली घसरणही महागात पडू शकते, म्हणून ते सडपातळ असले तरी मी त्यांना डोके वर ठेवूनच ऑक्सिजन देतो.

आता दिसण्याविषयी. मान छातीवर किंचित पुढे आणि डोके मानेवर मागे, ही जी स्निफिंग पोझिशन आपण शिकतो, तिला १९३६ च्या सुमारास मॅगिल यांच्या वर्णनामुळे हे नाव मिळाले आणि १९४४ साली बॅनिस्टर व मॅकबेथ यांनी तोंड, घसा आणि स्वरयंत्र यांच्या तीन अक्षांची आकृती काढून तिला शास्त्रीय रूप दिले. २००१ साली फ्रान्समधील अ‍ॅडने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआरआय करून पाहिले, तेव्हा हे तीन अक्ष त्या स्थितीत एका रेषेत येत नसल्याचे आढळले; त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या, ४५६ रुग्णांच्या अभ्यासात उशी ठेवून आणि नुसते डोके मागे करून दिसण्यात एकंदरीत फरक पडला नाही. मात्र स्थूल आणि मान कमी वळणाऱ्या रुग्णांत स्निफिंग पोझिशनचा फायदा दिसला. मला स्वतःला ती आकृती कामाच्या वेळी फारशी उपयोगी वाटत नाही. सडपातळ माणसाच्या डोक्याखाली ७ ते १० सेंटीमीटरची घट्ट उशी ठेवली की काम भागते, आणि ती थोडी कमीजास्त झाली तरी बिघडत नाही. ज्याच्या बाबतीत पोझिशन निर्णायक ठरते, त्याच्यासाठी तेवढी उशी पुरत नाही.

तुमच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच झाले असावे. भारी शरीराच्या माणसाची पाठ आणि खांद्यांमागची चरबी धडाला टेबलापासून बरेच वर उचलते. डोके त्या मानाने खाली मागे पडते. अशा वेळी डोक्याखाली एक उशी दिली तरी डोके छातीच्या पातळीपर्यंत येत नाही, आणि एकावर एक उशा नुसत्या डोक्याखालीच रचल्या तर हनुवटी छातीवर टेकते. शिवाय गरोदरपणात स्तन भरलेले असल्यामुळे लॅरिंगोस्कोपची मूठ छातीवर अडकते आणि पाते तोंडात शिरण्याआधीच आपण वाकडे होतो. यावर उपाय म्हणजे डोक्याखाली उशी न वाढवता पाठीच्या मध्यापासून चढत जाणारा उतार करणे.

हा उतार कसा करायचा ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या टेबलाचा प्रश्न इथेच सुटतो. रुग्ण टेबलावर येण्याआधीच घड्या घातलेली ब्लँकेटे पायऱ्यांसारखी रचावीत : पहिली घडी खांद्याच्या पात्यांच्या खालच्या टोकापासून सुरू व्हावी, दुसरी खांद्यांखाली, तिसरी आणि लागली तर चौथी डोक्याखाली. वॉर्डातील मऊ उशा इथे उपयोगाच्या नाहीत. त्या दबतात आणि औषध देऊन शरीर सैल पडल्यावर आणखी दबतात. रुग्णाला झोपवल्यानंतर डोक्यापाशी उभे राहून पाहू नये, कारण वरून सगळ्यांचेच डोके बरोबर ठेवलेले वाटते. टेबलाच्या बाजूला जावे, वाकून डोळे रुग्णाच्या कानाच्या पातळीला आणावेत आणि दोन गोष्टी पाहाव्यात. कानाचे छिद्र आणि गळ्याच्या मुळाशी, छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाला असलेली खळगी या दोन्ही एका आडव्या रेषेत आल्या आहेत का? चेहरा छताला समांतर आहे का? पहिली गोष्ट जमली नसेल तर आणखी एक घडी घालावी. दुसरी जमली नसेल, म्हणजे हनुवटी खाली झुकलेली असेल, तर सर्वांत वरची घडी मागे सरकवावी. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती भूल देण्याआधीच करायची असते. सैल पडलेल्या ९० किलोच्या शरीराखाली ब्लँकेट सरकवायला चार माणसे लागतात आणि रात्री दोन वाजता ओटीत तेवढी माणसे नसतात.

दर वेळी ब्लँकेटे गोळा करण्यापेक्षा एकदा गावातील गादीवाल्याकडून कडक फोमचा उतरता ठोकळा करून घ्यावा, डोक्याकडे साधारण २० ते २५ सेंटीमीटर उंच आणि पाठीकडे निमुळता, वर रेक्झिनचे आवरण, म्हणजे पुसता येते. खर्च फार नसतो. कोणाच्या मंजुरीची वाट पाहत बसू नये, असे मी म्हणणार होतो, पण रुग्ण कल्याण समितीकडे मागितलेले बरे, म्हणजे तो ठोकळा पुढच्या डॉक्टरांसाठीही उरतो.

उतार केला की काही गोष्टी आपोआप बदलतात आणि त्या विसरल्या जातात. खांदे वर आल्यामुळे हात मागे लोंबतात आणि काखेतील नसा ताणल्या जातात, म्हणून हातांखालच्या फळ्यांवरही घड्या घालून त्या खांद्यांच्या पातळीला आणाव्यात. रुग्ण खाली सरकू नये म्हणून मांड्यांवरून पट्टा बांधावा. चेहरा उंच झाल्यामुळे तुम्हाला पायाखाली लाकडी पायरी लागेल. रुग्णाचा चेहरा साधारण आपल्या छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या पातळीला असावा. गरोदर स्त्रीच्या उजव्या नितंबाखाली घडी देऊन गर्भाशय डावीकडे सुमारे १५ अंश कलवायचे असते, ते तर स्पायनल असो वा पूर्ण भूल, दोन्हींत करायचेच. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना हा सगळा डोंगर आवडणार नाही. ट्यूब बांधून झाल्यावर एखादी घडी काढता येईल असे त्यांना आधीच सांगून ठेवावे, आणि घडी काढल्यावर छातीला दोन्ही बाजूंना पुन्हा स्टेथोस्कोप लावावा.

उतार केला म्हणजे स्वरयंत्र दिसेलच, असे मात्र समजू नका. २०१७ साली अतिदक्षता विभागातील २६० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात धड वर केल्याने ऑक्सिजनच्या बाबतीत फायदा दिसला नाही आणि स्वरयंत्र दिसणे उलट कठीण झाले. ते रुग्ण अत्यवस्थ होते आणि आपला प्रश्न ओटीतील स्थूल रुग्णाचा आहे, तरी त्यातून घेण्यासारखे हे की ठरावीक कोनापेक्षा समोरच्या माणसाचा कान, खळगी आणि चेहरा पाहून ठेवण करावी. पहिल्या वेळी दिसले नाही, तर लॅरिंगोस्कोप डाव्या हातात तसाच ठेवून उजवा हात डोक्यामागे घालावा आणि डोके थोडे उचलून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच स्वरयंत्राचा मागचा भाग नजरेस येतो, आणि मग डोके त्याच उंचीवर सिस्टरना धरून ठेवायला सांगता येते. बाहेरून गळ्यावर दाब देऊन पाहावे. दुसरा प्रयत्न करताना पोझिशन, पाते किंवा बूजी यांपैकी काहीतरी बदललेले असलेच पाहिजे, आणि मधल्या वेळात मास्कने ऑक्सिजन द्यायचाच. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सगळा वेळ नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू ठेवण्यास सांगितले आहे. कॉन्सन्ट्रेटरवर तेवढा प्रवाह मिळत नाही. त्यासाठी सिलिंडर किंवा पाइपलाइन हवी, आणि सिलिंडर असेल तर त्याचा काटा आधी पाहून ठेवावा.

डोके वर ठेवण्याचा तोटा रक्तदाबाला होतो. गर्भनलिकेतील गर्भ फुटून पोटात रक्त साचलेली बाई टेबलावर असेल, तर उतार कमी ठेवावा, आधी सलाइन आणि रक्ताची सोय पाहावी आणि औषधाचा डोस आखडता घ्यावा. पोट भरलेले असेल तेव्हाचा वाद जुना आहे. डोके वर असल्यास जठरातील द्रव आपोआप वर येण्याची शक्यता कमी होते. पण उलटी होऊन तो घशात आलाच, तर वर असलेल्या डोक्याकडून तो सरळ फुप्फुसांकडे जातो. मी डोके वर ठेवूनच भूल देतो, सक्शन चालू करून त्याची नळी उशीखाली उजव्या हाताशी ठेवतो, आणि तरीही द्रव आलाच तर डोके खाली करून सक्शन करतो. तुमच्या टेबलावर डोके खाली करता येत नाही, म्हणून रुग्णाला डाव्या कुशीवर वळवणे हाच तुमचा मार्ग आहे, आणि ते कोण वळवणार हे आधी ठरलेले असावे.

पोझिशनची मर्यादा कुठे आहे हेही सांगितले पाहिजे, आणि आपल्या भागात ती मर्यादा बहुतेकदा खर्ऱ्याने आखलेली असते. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा पंधरा-सोळा वर्षांची मुलेही गालात धरतात, आणि त्यातील सुपारीमुळे गालांच्या आतील त्वचेत तंतूंचे कडक पट्टे तयार होतात. अशा माणसाची मान उत्तम वळते, अंगाने तो काटक असतो, पण तोंड दोन बोटेही उघडत नाही. सर्वांत घातक समजूत ही की स्नायू सैल करणारे औषध दिले की तोंड उघडेल. वेदनेने किंवा पू झाल्यामुळे जबडा आवळला असेल तर पुष्कळदा उघडतो. तंतूंचे पट्टे औषधाने सैल होत नाहीत. हर्नियाच्या तपासणीला आलेल्या माणसाला "आ करा" म्हणून सांगणे आणि त्याची स्वतःचीच बोटे उभी करून तोंडात घालायला लावणे, एवढ्याने हे कळते. ही तपासणी त्याला बसवून करावी. तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो त्यावरून आकडा देण्याची, १९८५ साली मलमपाती यांनी सांगितलेली पद्धत बसलेल्या रुग्णाचीच आहे, आणि खाटेवर आडवे असताना दिलेल्या आकड्यावर मी विसंबत नाही. तोंड उघडतच नसेल तर उतार, उशी, खळगी यांपैकी कशाचाही उपयोग नाही : शक्य असेल तर स्पायनल किंवा नसेची भूल द्यावी, नसेल तर जागेपणी नाकातून फायबरऑप्टिकने (लवचीक दुर्बिणीने) ट्यूब घालता येईल अशा ठिकाणी, म्हणजे नागपूर किंवा सेवाग्रामला, पाठवावे.

भाजल्यानंतर मानेवर कातडी आखडलेले रुग्ण दुसऱ्या टोकाचे. चुलीवर किंवा रॉकेलच्या स्टोव्हवर पदर पेटून भाजलेल्या बायकांची हनुवटी कधीकधी छातीलाच चिकटलेली असते. तिथे डोके मागे नेणे शक्यच नसते, आणि बळाने नेऊही नये. अनुभवी सर्जन सोबत असेल तर कातडीत सुन्न करणारे औषध भरून आधी तो आखडलेला पट्टा सोडवतात, मान मोकळी करतात आणि मगच ट्यूब घालतात.

आणि काही रुग्णांना आडवे करायचेच नसते. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत आणि पुढे तेंदूपानाच्या हंगामात पहाटे जंगलात गेलेल्या माणसावर अस्वल हल्ला करते, तेव्हा ते बहुधा चेहऱ्यावर करते. खालचा जबडा तुटलेला, गाल फाटलेला, नाकातोंडातून रक्त येत असलेला असा माणूस पुढे झुकून बसलेला असतो, कारण त्या स्थितीत जीभ आणि रक्त दोन्ही पुढे पडतात आणि श्वास चालतो. त्याने स्वतःसाठी शोधलेली पोझिशन आपण मोडायची नाही. ड्रेसिंग करायला सोपे जावे म्हणून कोणी त्याला उताणे केले, तर जीभ मागे पडते, रक्त घशात उतरते आणि श्वास अडतो. बसूनच ऑक्सिजन द्यावा, बसूनच सक्शन करावे, १०८ मध्येही बसवून किंवा कुशीवर न्यावे, आणि भूल द्यावीच लागली तर गळ्यातून श्वासमार्ग करू शकणारा सर्जन हातमोजे घालून उभा असल्याशिवाय आडवे करू नये.

मण्यार किंवा नाग चावल्यावर ज्याच्या पापण्या जड झाल्या आहेत आणि लाळ गिळता येत नाही, आणि कपाशीवर फवारणीचे किंवा पिण्यात आलेले कीटकनाशक अंगात गेल्याने ज्याच्या तोंडाला फेस आहे, त्या दोघांना ट्यूब घालेपर्यंत डाव्या कुशीवर, तोंड खाली कलवून ठेवावे. दुसऱ्या रुग्णात स्नायू सैल करणारे सक्सामेथोनियम जवळ असले तरी टाळावे. ऑरगॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकामुळे ते मोडणारे एन्झाइमच निकामी झालेले असते आणि परिणाम कितीतरी लांबतो. झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या मानेला मार असण्याची शंका असेल, तर स्निफिंग पोझिशन विसरावी. एकाने दोन्ही हातांनी डोके आणि मान सरळ धरावी, कॉलरचा पुढचा भाग काढावा आणि बूजी पहिल्याच वेळी वापरावी.

दोन वर्षांखालील मुलांचे डोके मागून मोठे असते, त्यामुळे त्यांना उशीची गरज नसते. खांद्यांखाली टॉवेलची पातळ घडी पुरे.

ट्यूब बसली की पोझिशनचा विषय संपला असे बहुतेकांना वाटते. हनुवटी छातीकडे झुकली की ट्यूबचे टोक आत जाते आणि डोके मागे गेले की बाहेर येते. प्रौढांत दोन्हीकडे सरासरी सुमारे २ सेंटीमीटर. बाईच्या ओठाशी २१ आणि पुरुषाच्या २३ हा आकडा चिकटपट्टी लावताना ठीक असतो, पण थायरॉइडसाठी मान मागे केल्यावर किंवा वरची उशी काढल्यावर तीच ट्यूब भलतीकडे असू शकते. दुर्बिणीच्या नसबंदीत पोटात गॅस भरून डोके खाली केले की श्वासपटल आणि त्याबरोबर श्वासनलिकेचा दुभंग वर सरकतो, ट्यूब जागची हलत नाही आणि तरीही उजव्या फुप्फुसात शिरते. सॅच्युरेशन ९९ चे ९४ झाले आणि कारण कळत नाही, तेव्हा आधी डावीकडे स्टेथोस्कोप लावावा. पालथे करायच्या रुग्णाची ट्यूब लाळेने ओली होणाऱ्या कोपऱ्यावर न बांधता कोरडी त्वचा पाहून बांधावी आणि वळवताना सर्किट (ट्यूबला यंत्राशी जोडणाऱ्या नळ्या) क्षणभर सुटे करून घ्यावे. रुग्णाची खाट शस्त्रक्रिया संपेपर्यंत ओटीच्या दाराशी असू द्यावी, कारण पालथ्या माणसाची ट्यूब निघाली तर त्याला उलटे करायला दुसरी जागा नसते.

तुमच्या त्या रुग्णाची ट्यूब काढताना पुन्हा तोच उतार लागतो. वरची घडी शस्त्रक्रियेसाठी काढली असेल तर ती परत ठेवावी, सक्शन करावे, डोळे उघडून सांगितलेले ऐकते आहे याची खात्री करावी आणि डोके वर असतानाच ट्यूब काढावी. वॉर्डात नेतानाही स्ट्रेचरचे डोके वर असावे, पल्स ऑक्सिमीटर बोटावर असावा, आणि नातेवाइकांना "उशी काढून सरळ झोपवा" असे सांगण्याची जी सवय स्पायनलच्या रुग्णांमुळे वॉर्डात पडली आहे, ती या बाईला लागू नाही हे ड्यूटीवरच्या सिस्टरना केसपेपरवर लिहून द्यावे.